होल्डिंग पाँडकडे पाठ फिरवू नका

नवी मुंबईतल्या वाशी, सानपाडा, नेरूळ, सीवूड्स, बेलापूर या भागांतल्या बऱ्याच सेक्टरांची जमीन उधाणाच्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास दिवसातून दोन वेळा खाडीचे पाणी आपल्या रस्त्यांपेक्षा वर चढलेले असते, आणि तरीही ते आत येत नाही. त्या वेळी आपण भाजी घेत असतो, मुलांना शाळेतून आणत असतो, लोकल पकडायला धावत असतो. पाणी आत का येत नाही, हे विचारायची वेळ आपल्यावर सहसा येत नाही, कारण हे शहर आखणाऱ्यांनी त्याची सोय आधीच करून ठेवली आहे. पण ती सोय आता थकली आहे. ती टिकवायची की नाही हे यापुढे आपल्यावर, म्हणजे इथे राहणाऱ्या सामान्य माणसांवर अवलंबून आहे. म्हणून हे लिहितो आहे.

या सोयीचे नाव धारण तलाव. आपण सगळे त्याला होल्डिंग पाँड म्हणतो. महापालिकेच्या हद्दीत असे दहा-अकरा तलाव आहेत. वाशीच्या मिनी सीशोअरला फिरायला जाणारे त्यांतल्याच एकाच्या काठाने चालतात. नेरूळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईत सकाळी व्यायाम करणारे दुसऱ्या एकाला फेऱ्या मारतात. बाकीचे तलाव उंच गवताआड, कुंपणाआड, पामबीच मार्गाच्या कडेला आहेत, आणि बसमधून जाताना ते पडीक दलदलीसारखे दिसतात.

नवी मुंबईची कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी 1960 च्या दशकात मांडली. 1965 साली ‘मार्ग’ या नियतकालिकातून ती लोकांपुढे आली. मुंबईच्या बंदराचे पाणी मधोमध ठेवून दोन्ही काठांवर शहर वसावे, असा तो विचार होता. 17 मार्च 1970 रोजी सिडको स्थापन झाली आणि 95 गावांची जमीन या कामासाठी घेतली गेली. ही जमीन रिकामी नव्हती, हे प्रत्येक नव्या रहिवाशाने लक्षात ठेवले पाहिजे. इथे आगरी आणि कोळी लोकांची भातखाचरे होती, मिठागरे होती, मासेमारीच्या जागा होत्या. खाडीचे पाणी अडवून भात पिकवण्याची विद्या या लोकांकडे पिढ्यान्‌पिढ्या होती. ते मातीचा बांध घालत, आणि बांधात एक तोंड ठेवून त्याला झडप लावत. ठाणे-रायगडकडे तिला उघाडी म्हणतात. गोव्यात हीच गोष्ट मानस या नावाने खाजणांमध्ये आजही चालते. भरतीचे पाणी झडपेवर बाहेरून रेटा देते, की झडप आपोआप बंद. ओहोटीला बाहेरचा रेटा कमी होतो, आतले पावसाचे पाणी झडप ढकलून खाडीत उतरते. माणूस लागत नाही, वीज लागत नाही.

सिडकोच्या अभियंत्यांनी डच धर्तीवर धारण तलाव आखले, असे सांगितले जाते आणि ते खरेही आहे. पण नेरूळच्या तलावाच्या तोंडाशी असलेल्या लोखंडी झडपा आणि सारसोळे-करावेच्या शेतकऱ्याची लाकडी उघाडी यांचे तत्त्व एकच आहे. फरक आकाराचा. शेतकरी एका खारीचे पाणी सांभाळत होता. धारण तलावाला अनेक सेक्टरांचे पाणी सांभाळावे लागते.

एकदा ओहोटीच्या वेळी या झडपांजवळ जाऊन पाहा. काँक्रीटच्या भिंतीत ओळीने तोंडे असतात आणि प्रत्येक तोंडावर वरच्या बाजूला बिजागरीने टांगलेली जड पत्र्याची झडप असते. बाहेरून ढकलले की मिटणारे आणि आतून ढकलले की उघडणारे ते दार आहे. खालच्या फटीतून तपकिरी पाणी घरघरत बाहेर पडत असते. झडपेच्या काठाला कालवं चिकटलेली असतात, गंजाचे पापुद्रे सुटलेले असतात. आता नीट बघा: एखाद्या झडपेत नारळ अडकलेला असतो, दुसरीत थर्मोकोलचा तुकडा, तिसरीत फाटलेल्या ताडपत्रीची चिंधी. झडप चार बोटे उघडी राहिली, तरी पुढच्या भरतीला खाडी तेवढ्या फटीतून आत शिरते. एका नारळाने एका तलावाचे काम अर्धे होऊ शकते. तुम्ही गणपतीला किंवा पितृपक्षात निर्माल्य पुलावरून टाकता, ते इथे येऊन थांबते. निर्माल्य कलशात टाका, ही महापालिकेची सूचना तुम्ही दर वर्षी वाचता. ती या झडपेसाठीही आहे.

आता पावसाचे गणित. एक एकरावर उभ्या असलेल्या सोसायटीच्या आवारात 100 मिलीमीटर पाऊस पडला, तर चार लाख लिटर पाणी जमा होते. दहा हजार लिटरचे चाळीस टँकर भरतील एवढे. नवी मुंबईत वर्षाला सुमारे अडीच हजार मिलीमीटर पाऊस पडतो आणि त्यातले 100 मिलीमीटर एका दुपारीही पडू शकतात. आवार फरशी-पेव्हर ब्लॉकने बंद असेल, तर हे सगळे पाणी काही मिनिटांत पावसाळी गटारात आणि तिथून धारण तलावात जाते. त्या वेळी भरती असेल तर झडपा मिटलेल्या. म्हणजे ओहोटी लागेपर्यंतचे काही तास तलावाने सगळ्यांचे पाणी पोटात ठेवायचे. पोट गाळाने भरलेले असेल, तर पाणी रस्त्यावरच थांबणार. नाल्याची सफाई केली नाही म्हणून आपण वॉर्ड ऑफिसला फोन करतो. पण पुष्कळदा नाला साफ असतो आणि पुढे जाऊन पाण्याला उतरायला जागाच नसते.

भरती केव्हा असते, हे कोळीवाड्यातल्या वडीलधाऱ्यांना घड्याळाशिवाय कळते. तिथीची पाऊणपट करा: चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, भरती साधारण तीनच्या सुमाराला. अष्टमीला सहाच्या सुमाराला. अंदाज अर्ध्या-पाऊण तासाने चुकू शकतो, पण रोजच्या वापराला पुरतो. यातून एक फार उपयोगाची गोष्ट निघते. आपल्याकडे उधाणाच्या मोठ्या भरत्या दुपारी आणि मध्यरात्रीच्या आसपासच येतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे हवामान खात्याने जोरदार पावसाचा इशारा दिला असेल, तर दुपारी बारा ते तीन या वेळात तळघरातली गाडी वर काढून ठेवा आणि लहान मुलांना नाल्याच्या कडेने शाळेतून आणू नका. आजी-आजोबांनी ही पाऊणपट नातवंडांना शिकवावी.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलीमीटर पाऊस झाला. मिठी नदीकाठी काय झाले ते महाराष्ट्राला माहीत आहे. त्याच पावसात गाढी नदी पनवेलमध्ये शिरली. पाण्याची जागा पाण्याला सोडली नाही की काय होते, हे त्या दिवशी खाडीच्या दोन्ही काठांनी पाहिले. धारण तलाव नसते तर वाशी-नेरूळचे काय झाले असते, ते प्रत्येकाने आपल्या मनाशी ठरवावे.

मग हे तलाव थकले कशाने? गाळाने. पारसिकचा डोंगर खदानींनी उघडा केला, डोंगरावरून येणाऱ्या नाल्यांनी माती आणि मुरूम खाली आणला, भरतीने खाडीचा चिखल आत आणला, बांधकामांच्या राडारोड्याने त्यात भर घातली. चिखल साचला की तिवरं रुजतात. तिवराला भरतीचे पाणी आणि मऊ चिखल हवा असतो, आणि तलावात दोन्ही मिळाले. बघता बघता कित्येक तलावांत तिवरांचे रान उभे राहिले. आता गाळ काढायचा तर तिवरं तोडावी लागतात आणि तिवरांना कायद्याचे संरक्षण आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 2018 च्या निकालात कांदळवन तोडण्यास मनाई कायम केली, त्याभोवती 50 मीटरचा पट्टा मोकळा ठेवण्यास सांगितले, आणि सार्वजनिक हिताच्या अटळ कामासाठीही न्यायालयाची परवानगी घ्यावी लागेल असे ठरवले. हा निकाल अत्यंत योग्य आहे. तो नसता तर ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवर आज टॉवर दिसले असते.

यावरून नागरिकांत दोन तट पडतात. पुराची भीती असलेले म्हणतात, तिवरं काढा, तलाव मोकळे करा. निसर्गप्रेमी म्हणतात, एकाही तिवराला हात लावू नका. दोघेही मनापासून बोलतात. माझे मत असे आहे की खाडीच्या बाजूचे, बांधाबाहेरचे कांदळवन हे हात न लावण्याचेच आहे. ते लाटांचा जोर मोडते, माशांच्या पिलांना आसरा देते. पण धारण तलावाचे पोट हे पाण्यासाठी राखलेले आहे आणि तिथला मधला भाग खोल, उघडा राहिलाच पाहिजे. काठाचा पट्टा तिवरांना ठेवावा. मधला गाळ न्यायालयाची परवानगी घेऊन, कांदळवन कक्षाच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्याने काढावा, आणि जी तिवरं जातील त्यांच्या बदल्यात जवळच्या खाडीकाठावर लागवड करून ती जगली की नाही हे लोकांना दाखवावे. चोरून, रात्री पोकलेन लावून, किंवा भरतीचे तोंड बुजवून तिवरं सुकवून काम करणे हा गुन्हा आहे. असे काही दिसले तर फोटो काढा, तारीख-वेळ टाका आणि वनविभागाकडे तक्रार करा. गाळ काढण्याच्या परवानग्यांचे कागद वर्षानुवर्षे टेबलावर पडून राहणे हीदेखील तेवढीच मोठी चूक आहे. तिच्याविरुद्धही आवाज उठवला पाहिजे, आणि तो आपण क्वचितच उठवतो.

तलावांना दुसरे दुखणे आहे सांडपाण्याचे. या शहरात मलनिःसारण वाहिन्या वेगळ्या आहेत आणि पावसाळी गटारे वेगळी. ऐरोली, कोपरखैरणे, वाशी, सानपाडा, नेरूळ, बेलापूर इथे सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रे आहेत आणि ती चांगले काम करतात. काही शुद्ध केलेले पाणी उद्यानांना आणि उद्योगांना दिले जाते. इतर शहरांना हेवा वाटावा अशी ही व्यवस्था आहे. पण जोडणी चुकीची असेल तर ती फुकट. एखादे हॉटेल मोरीचे पाणी पावसाळी गटारात सोडते, एखादी सोसायटी नूतनीकरणात बाथरूमचा पाइप जवळच्या गटाराला जोडून टाकते, गावठाणातल्या नव्या इमारतींना वाहिनीच मिळालेली नसते. मार्च-एप्रिलमध्ये, पाऊस नसताना, तुमच्या सोसायटीसमोरचे पावसाळी गटार उघडून बघा. कोरडे असले पाहिजे. त्यात साबणाचे पाणी वाहत असेल, तर ते कुठून येते याचा माग काढा. होल्डिंग पाँडजवळ वास येतो, डास होतात, म्हणून तो बुजवा, अशी मागणी ऐकू येते तेव्हा मला वाईट वाटते. भरती-ओहोटीने हलणाऱ्या खाऱ्या पाण्यात डास फारसे होत नाहीत. त्या पाण्यात मासे असतात, चतुर असतात, ते अळ्या खातात. डास होतात ते आपण सोडलेल्या, साचलेल्या मोरीच्या पाण्यात.

आता सुशोभीकरणाबद्दल. तलावाच्या सुधारणेचा प्रस्ताव आला की त्यात ठरलेल्या गोष्टी असतात: चारही बाजूंनी दगडी किंवा काँक्रीटची उभी भिंत, स्टीलचे कठडे, रंगीत दिवे, कारंजे, सेल्फी पॉइंट. लोकांना फिरायला जागा हवी यात शंका नाही, आणि मिनी सीशोअर किंवा ज्वेलसारख्या ठिकाणी संध्याकाळी जी गर्दी होते ती पाहून आनंदच होतो. पण उभी भिंत बांधली की पाण्याचा काठ मरतो. उतरत्या, मातीच्या काठावर गवत, लव्हाळे, तिवर असते. तिथे बगळा उभा राहतो, खंड्या सूर मारतो, चिखलात निवट्या उड्या मारतात, चिंबोऱ्या बिळे करतात. भिंतीवर यातले काहीच टिकत नाही.

सिंगापूरने याबाबत उलट दिशेने जाऊन दाखवले. तिथल्या बिशान-आंग मो किओ उद्यानाच्या कडेने कलांग नदीचा 2.7 किलोमीटर लांबीचा सरळ काँक्रीटचा कालवा जात होता. त्यांनी काँक्रीट फोडले, नदीला पुन्हा वळणे दिली, ती 3.2 किलोमीटरची झाली, काठ मातीचे आणि झाडांचे केले. 2012 मध्ये ते उद्यान खुले झाले. कोरड्या दिवशी लोक थेट पाण्याशी जाऊन बसतात, मुले दगडांवरून पलीकडे जातात. जोराचा पाऊस झाला की नदी उद्यानात पसरते, इशारा मिळतो, लोक वर सरकतात. उद्यान आणि पूर यांना त्यांनी एकाच जागेत बसवले. जागेची टंचाई सिंगापूरला आपल्यापेक्षा जास्त आहे, तरी त्यांनी हे केले. आपल्याकडे तर तशी जागा सिडकोने आधीच राखून दिली आहे.

म्हणून तुमच्या सेक्टरातल्या तलावाचा आराखडा चर्चेला आला, तर तो पाहायला मागा. भिंत किती बाजूंना आहे ते विचारा. एका बाजूला पायवाट, बाके, सावली, म्हाताऱ्यांना धरायला कठडा, आणि उरलेल्या बाजू मातीच्या, माणसांची फारशी ये-जा नसलेल्या, रात्री अंधाऱ्या, अशी वाटणी सगळ्यांना परवडणारी आहे. पक्ष्यांना काळोख लागतो. आपल्यालाही तो पूर्ण घालवायची गरज नाही. पायवाटेवर खाली झुकलेले मंद दिवे पुरतात.

तलावात येणाऱ्या पाण्याची वाट अडली की काय होते, याचे रोहित म्हणजे फ्लेमिंगो पक्ष्यांचे उदाहरण ताजे आहे. ठाणे खाडीचा काही भाग 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि 2022 मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. पण खाडीत मोठी भरती आली की चिखलपट्टे बुडतात आणि हे पक्षी बसायला, खायला आत येतात, नेरूळच्या डीपीएस तलावावर, टी. एस. चाणक्य संस्थेजवळच्या पाणथळीवर. 2024 च्या उन्हाळ्यात डीपीएस तलावात येणाऱ्या भरतीच्या पाण्याची वाट अडली. पाणी आटले, शेवाळ माजले, आणि त्या मोसमात नेरूळ परिसरात रोहित मरून पडले. लोकांनी आवाज उठवला, पाण्याची तोंडे मोकळी करावी लागली, आणि 2025 मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास मंजुरी दिली. हे श्रेय रविवारी सकाळी फलक घेऊन उभे राहिलेल्या साध्या रहिवाशांचे आहे. एका पाइपाच्या तोंडावर पक्ष्यांचा मोसम अवलंबून असतो. ते तोंड कुठे आहे हे जवळ राहणाऱ्यांना माहीत असले पाहिजे.

पाणी, झाडे यांच्या सहवासात माणसाला बरे वाटते हे सांगायला संशोधनाची गरज नाही, पण झाडांबद्दल तरी संशोधन आहे. रॉजर उलरिच या अभ्यासकाने 1984 साली एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांपैकी काहींच्या खिडकीतून झाडे दिसत होती, काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. आता आपल्या शहराचा विचार करा. पहाटेची लोकल पकडून रात्री परतणारी माणसे, सोळाव्या मजल्यावर एकटे बसणारे आई-वडील, परीक्षांनी पिचलेली मुले. यांना पंधरा मिनिटे चालून उघडे पाणी आणि उघडे आकाश मिळाले, तर त्याला मोल नाही. आणि हे तिकीट न काढता, क्लबचे सभासद न होता मिळाले पाहिजे. घरकाम करून परतणाऱ्या बाईला वाटेत तिथे दहा मिनिटे निवांत आणि निर्धास्त बसता आले पाहिजे. त्यासाठी तिथे पाण्याचा नळ, स्वच्छतागृह आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळ हवी. कोळी बांधवांना पाग टाकायला, होडी लावायला जी वाट पूर्वीपासून आहे, ती सुशोभीकरणाच्या कुंपणाने बंद होता कामा नये. दिवाळे, सारसोळे, वाशीगाव इथल्या मंडळींना आराखडा करताना बोलवा. पाणी कुठून येते आणि कुठे तुंबते हे त्यांच्याइतके कुणी सांगू शकणार नाही.

आता आपापल्या आवाराकडे या. पुढच्या सर्वसाधारण सभेत एक विषय घ्या: आपल्या आवारातले पाणी कुठे जाते? झाडांच्या बुंध्यापर्यंत चढवलेले सिमेंट फोडून किमान तीन फुटांची माती मोकळी करा. गाड्या जात नाहीत अशा भागातले पेव्हर ब्लॉक काढून गवत लावा. गच्चीचे पाणी साठवा. मात्र एक गोष्ट लक्षात घ्या. खाडीजवळच्या सखल सेक्टरांत पावसाळ्यात भूजल हाताशीच असते आणि ते खारट असते, तिथे शोषखड्डा फारसे काम करत नाही. तिथे टाकी बांधा आणि ते पाणी गाड्या धुवायला, झाडांना, शौचालयांना वापरा. डोंगराकडच्या भागात, खारघर, बेलापूरचा वरचा भाग, दिघा, तिथे शोषखड्डे आणि विहिरींचे पुनर्भरण उपयोगी पडते. मोरबे धरण आपल्याला भरपूर पाणी देते, त्यामुळे नवी मुंबईकरांना पाणी साठवण्याची निकड वाटत नाही. पण आवारात अडवलेल्या प्रत्येक लिटरने पुराच्या दिवशी धारण तलावावरचा भार कमी होतो. हा हिशेब पाणीपट्टीच्या बिलात दिसत नाही.

जे नवी मुंबईत आता घर घेणार आहेत त्यांनाही सांगणे आहे. उलवे, द्रोणागिरी, पुष्पक, पनवेलच्या आसपास नवी वस्ती वेगाने उभी राहते आहे. विमानतळासाठी टेकडी सपाट केली, उलवे नदीचा प्रवाह वळवला, शेकडो हेक्टर जमिनीत भराव झाला. जे झाले ते झाले. पण उरणकडच्या पाणजेसारख्या पाणथळींत भरतीचे पाणी अडवले जाते तेव्हा तिथल्या भविष्यातल्या रहिवाशांचा धारण तलाव आपण आजच बुजवत असतो. घर घेताना बिल्डरला पार्किंग आणि जलतरण तलाव यांबद्दल विचारता, तसेच हेही विचारा: या नोडचा धारण तलाव कोणता, तो किती अंतरावर आहे, आमच्या प्लॉटचे जोते उधाणाच्या पातळीपेक्षा किती वर आहे, आणि शेजारचा नाला पूर्वी किती रुंद होता. उत्तर मिळाले नाही तर सिडकोच्या कार्यालयात माहितीच्या अधिकारात अर्ज करा. आयुष्यभराची कमाई घालताना एवढा अर्ज करणे जड नाही.

हे सगळे एकट्याने होत नाही. पण एका सेक्टरातल्या पाच सोसायट्या, जवळचे गाव आणि एखादी शाळा एकत्र आली तर पुष्कळ होते. शाळेच्या मुलांना ओहोटीच्या वेळी झडपा दाखवायला न्या. एका वहीत तलावाची नोंद ठेवा: पाणी कुठवर चढले, कोणते पक्षी आले, कोणती झडप अडकली. दोन पावसाळ्यांच्या अशा नोंदी हातात असल्या की अधिकाऱ्यासमोर बसून बोलायला बळ येते.

येत्या एप्रिलमध्ये, पावसाला दोन महिने असताना, आपल्या विभाग कार्यालयात जाऊन तीन गोष्टी लेखी मागा. आमच्या धारण तलावाच्या झडपा शेवटच्या कधी तपासल्या आणि दुरुस्त केल्या. गाळ काढण्याच्या परवानगीचा अर्ज कुठवर आला आहे. आमच्या विभागातल्या पावसाळी गटारांत सांडपाण्याच्या किती जोडण्या सापडल्या आणि किती तोडल्या. अर्जाची पोच घ्या, मिळालेले उत्तर सोसायटीच्या फलकावर लावा, आणि मे महिन्यात पुन्हा जा.